चौथ्या जागेवरचा खडा

९ नोव्हेंबर, रविवार

माझा एकच श्वास उरलाय! म्हणजे पत्त्यांतला. खरा भरपूर आहे, आईला विचारा.

दादाने हैदराबादहून आणलेला हा खेळ. आम्ही त्याला ‘बंद खाण’ म्हणतो. चौघं मजूर खाणीत अडकलेत, सहा डावांत बाहेर पडायचं. दर रविवारी दुपारी एक डाव, दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत. दादा, मी, शेजारची नीलिमा आणि दादाचा शाळेपासूनचा मित्र लखन. आपसात जिंकणं-हरणं नाही. सुटलो तर सगळे, मेलो तर... मेलेला मात्र परत येत नाही. मधोमध अंधाराची गड्डी पालथी ठेवायची. तिचा वरचा पत्ता पाळी येण्याआधी कुणी बघायचा नाही, हा सगळ्यात कडक नियम.

आज दुसऱ्या डावात मी तीनपैकी दोन श्वास गमावले. मेले तर उरलेले रविवार काय करू? यांना चहा आणून देऊ? आठवडाभर खिळे नि बिजागऱ्या विकते मी. रविवारची दुपार तेवढी माझी.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको. लिहितेच, इथे कोण वाचतंय.

गिऱ्हाईक आलं म्हणून दादा पुढे गेला. नीलिमा फोन घेऊन अंगणात. लखन हात धुवायला मोरीवर. पुढची पाळी माझी होती — आणि मी वरचा पत्ता उचलून पाहिला. ‘छत कोसळलं’चा पत्ता! माझ्यावरच येणार होतं. तेवढ्यात पावलं वाजली. पत्ता कसाबसा परत टाकला आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले.

घाईत पत्ता उताणा पडला होता. दादा आला तेव्हा खोलीत एकटा लखन, आणि समोर उघडा पत्ता.

“तू पाह्यला?”

“नाही.”

“मंग आपोआप पलटला?”

मी ट्रे घेऊन दारात उभी. चार कप. ‘मी पाहिला’, एवढंच म्हणायचं होतं. लखनने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

दादा एकदा बोलायला सुटला की सुटला. “पत्त्यात असं करणाऱ्यासंग टेम्पो कसा घेऊ मी?” — हेही बोलून गेला. लखनच्या नेरडीगोंड्याच्या शेतातली भाजी मंचेरियलच्या बाजारात न्यायला दोघं मिळून टेम्पो घेणार होते. वर्षभर दोघांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

लखनने चहा घेतला नाही. चपला घातल्या आणि गेला.

१८ नोव्हेंबर

टेम्पोचं मोडलं. दादासमोर जेवायला बसले. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरीच घातली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज तिघंच बसलो. आई ज्वारी निवडत होती. “तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघं कुठं निघाले का चवथा खडा संग घ्यावं,” म्हणाली आणि सुपातला खडा टेबलावर ठेवला. दादाने तो उचलून लखनच्या जागेवर ठेवला.

नीलिमाने नियमांचं पुस्तक काढलं. “तिघं असले तर अंधाराचे पत्ते कमी काढाचे, हे पाहा. सोपं होते.”

“चौघं हाओत ना आपण. खडा दिसत नाही काय?”

दादापुढे कोण बोलणार? चौघांचे पत्ते काढले. अंधार सरसर वाढत गेला. खड्याची पाळी दादाच खेळत होता, आणि कंदिलातलं शेवटचं तेल त्याने खड्याला दिलं. थोडक्यात वाचलो.

२४ नोव्हेंबर

दादाचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात काहीतरी टोचलं. खडा.

३० नोव्हेंबर, रविवार

पाचवा डाव. शेवटी दरडीचा पत्ता आला. कुणीतरी एकाने अंगावर घ्यायची, बाकीचे सुटणार. माझा एकच श्वास, म्हणजे मी घेतली तर मरणार. नीलिमा म्हणाली, “खड्याले देऊन टाक ना. दगडच त हाये.”

दादाने तिच्याकडे रोखून पाहिलं. “लखनले पुढं करून मी नाही वाचत.” आणि दरड स्वतःवर घेतली. आता त्याचाही एकच श्वास.

‘लखन’ म्हणाला दादा. ‘खडा’ नाही म्हणाला.

मला स्वतःची किळस येते आहे. दादाला वाटतं, मित्राने फसवलं. तरी त्याला वाचवतोय. आणि मी समोर बसून पत्ते पिसतेय.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी बसने नेरडीगोंड्याला गेले. लखन टोमॅटोच्या वाफ्यात होता. बांधावर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं.

“मले मालूम हाये,” तो म्हणाला. “मी मोरीवरून येऊन राह्यलो होतो. पाह्यलं तुले.”

“मंग बोलला काऊन नाही?”

“तू बोलशील म्हणून.” त्याने टोमॅटोने भरलेलं कॅरेट उचलून बांधावर ठेवलं. “तीन आठवडे झाले, रंजीता. अन् मले सांगून काय? ज्याले सांगाचं त्याले सांग.”

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो खिळे तोलत होता. ऐकताना काटा स्थिर होईपर्यंत थांबला, पुडी बांधली, गिऱ्हाईकाच्या हातात दिली. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“शटर ओढून घे,” एवढंच म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार

लखनच्या चपला दाराशी दिसल्या! आतून दादाचा हसण्याचा आवाज — किती दिवसांनी. मी चार कप भरले आणि आत गेले.

दादा, नीलिमा, लखन. माझ्या जागेवर खडा ठेवला होता.