दोन मीटर चाळीस

३ फेब्रुवारी
आजपासून गृहबांधणी नियमावली. ४१२ पानं. रोज बारा, म्हणजे ९ मार्चला मी सुरक्षित घर या विषयात तयार. नव्या नियमाप्रमाणे नकाशा काढणाऱ्याने या विषयाची परीक्षा दिलेली असली पाहिजे. बाबांनी तीस वर्षं लोकांची घरं बांधली, पण परीक्षेचं नाव काढलं की उठून जातात. म्हणाले, मला काय येतं ते मी बांधलेल्या घरांना विचारा. म्हणून मी.

खोली आईसाठी. ऑक्टोबरात ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला. आमच्या झोपायच्या खोल्या वर, आणि डॉक्टर म्हणाले, आता जिना विसरा. तेव्हापासून ती मावशीकडे, तळमजल्यावर. आमच्या स्वयंपाकघरामागे मोकळी जागा आहे. तिथे एक खोली, तिला लागून बाथरूम. बांधणार बाबा आणि काका, नकाशा माझा. १ जूनला आई घरी. तिला फोनवर तसं सांगूनही टाकलं. म्हणाली, बघ हं.
त्यात बघायचं काय?

४ फेब्रुवारी
बारा पानं झाली नाहीत. पण त्याहून चांगलं झालं. पहिलं प्रकरण सगळं व्याख्यांचं आहे. भिंत म्हणजे काय, दार म्हणजे काय, रुंदी म्हणजे काय. गवंड्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला हे सांगायला नको. मी अंक शिकले ते विटांच्या थप्प्या मोजून. बाबा म्हणायचे, माप घ्यायचं ते विटेपासून विटेपर्यंत, बाकी सगळी सजावट. प्रकरण सोडलं. एका दिवसात एकतीस पानं पुढे. शेवटी वाचीन अशी समासात पेन्सिलीने नोंद केली आहे, म्हणजे फसवणूक नाही.

११ फेब्रुवारी
नियमावली हातात घेऊन आमचंच घर तपासलं. तेवीस उल्लंघनं. कठड्याच्या गजांमधून लहान मुलाचं डोकं जाईल. गॅलरीचं दार आत उघडतं. मधल्या खोलीला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. जेवताना यादी वाचून दाखवली. बाबांनी विचारलं, मग इतकी वर्षं आपण जिवंत कसे? काका म्हणाले, सवयीने.
तेवीस नाही, चोवीस. सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अडीच सेंटीमीटर उंच आहे. आई तिथेच अडखळली होती. जिना बाबांचा. हे यादीत होतं, वाचताना गाळलं.
निश्चय: आईच्या खोलीत एकही माप अंदाजाने नाही.

२० फेब्रुवारी
नकाशा काढायला घेतला. राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४० मीटर, क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर. माझी खोली २.४० गुणिले ४.००. दार नव्वद. नव्वद म्हणजे नव्वद. जागा आणखी वीस सेंटीमीटर आहे, पण ते मी मागे शेजाऱ्यांच्या बाजूला सोडले. कायदा जेवढं मागतो तेवढं द्यावं. जास्त देणं म्हणजे कायद्यावर विश्वास नसणं.

बाबा नकाशावर वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, एक वीत वाढव. मी विचारलं, का? म्हणाले, वाढवायची असते. मी म्हटलं, कुठल्या पानावर लिहिलंय? ते म्हणाले, लिहिलं नाहीये, पण असते. माझ्या आजोबांपासून सगळे एक वीत वाढवत आले आहेत आणि कारण एकालाही सांगता येत नाही. यालाच शास्त्राचा अभाव म्हणतात.
वाढवली नाही. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, तू शिकलेली आहेस.

१२ मार्च
पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! दोन चुकले, ते दोन्ही व्याख्यांचे. घोकंपट्टीचे प्रश्न, समजुतीचे नव्हेत. आईला फोन केला. ती म्हणाली, शाब्बास, पण आधी मला इथून ने. मावशीने तिच्या चहातली साखर परस्पर बंद केली आहे. मागून मावशीचा आवाज आला की हिच्याच भल्याचं करतेय. आई हळूच म्हणाली, ऐकलंस?

१८ मार्च
नकाशा एका फटक्यात मंजूर. कचेरीत खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, एवढा स्वच्छ नकाशा बऱ्याच दिवसांत आला नाही, प्रत्येक माप अगदी काठावर. हे कौतुक होतं. परत येताना नीट आठवून पाहिलं, कौतुकच होतं.

२ एप्रिल
भिंती छातीपर्यंत आल्या. रोज दोनदा मोजते. विटेपासून विटेपर्यंत २.४०, एका ठिकाणी २.४१ भरलं. काकांना ती वीट काढून पुन्हा बसवायला लावली. काकांनी माझं नाव मिलिमीटरबाई ठेवलं आहे. बाबांना म्हणाले, दादा, हिला सासर मिळेल, पण सासरच्या भिंती पडतील. मी हसले नाही. गंमत काका करतात, जबाबदारी माझी आहे.

१६ एप्रिल
स्लॅब टाकला. सगळं वजन दोन्ही लांब भिंतींवर. आता खोली हलत नाही म्हणाले बाबा. मला फार बरं वाटलं.

२३ एप्रिल
प्लास्टर झालं. आमच्या घरचं प्लास्टर प्रसिद्ध आहे: दोन थर, चांगलं बोटभर जाड, थापीचा डाग कुठे दिसणार नाही. काकांनी तर शेवटच्या भिंतीवर जीव ओतला. आईसाठी म्हणून हात जरा सढळ ठेवला, म्हणाले.
संध्याकाळी आत उभी राहिले तर खोली लहान वाटली. ओल्या प्लास्टरचा रंग गडद असतो, त्याने जागा लहान दिसते. पांढरा रंग दिला की उघडेल.

४ मे
नियमावली पान २०६: झोपण्याच्या खोलीतून आग लागल्यास खिडकीवाटे बाहेर पडता आलं पाहिजे. चाचणी घेतली. आईच्या जागी काका. खांदे गेले, पोटाशी अडकले. अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि तशात विचारतात, आग किती लांब आहे? बाबांनी बाहेरून ओढलं. काका म्हणाले, नकाशातली खिडकी मोठी होती गं, ही लहान झालीय. मी सांगितलं की खिडकी लहान होत नसते, माणूस मोठा होतो. ते पोटाकडे बघू लागले.
काकांनी वजन कमी करायला हवं. त्यांच्यासाठी तक्ता करून देणार आहे.

९ मे
सहज मोजलं. २.३६.
टेप जुनी आहे, टोकाचा हूक सैल झालाय. नवी आणली. २.३६. दोन्ही टेपा एकाच कंपनीच्या निघाल्या.
आता मोजणार नाही. सारखं मोजल्याने मन उगीच चलबिचल होतं.

१९ मे
आज पाहणी. कचेरीतले साहेब आले, बूट बाहेर काढले, खोली बघून म्हणाले, काम सुंदर आहे. बाबा नुसते मान हलवत होते. मग साहेबांनी टेप काढली. दुसऱ्या कंपनीची.
रुंदी २.३६. क्षेत्रफळ ९.३५. उंची टाइल आणि खालच्या रेतीने खाल्लेली. दार चौकट बसवल्यावर नव्वदचं अठ्ठ्याहत्तर झालेलं.
मी सांगितलं की विटेपासून विटेपर्यंत सगळं बरोबर आहे. साहेबांनी टेप गुंडाळली. आवाज न चढवता म्हणाले, बाई, माणूस विटांमध्ये राहत नाही, प्लास्टरच्या आत राहतो.
बाबा बाहेर गेले. काका भिंतीवरून हात फिरवत तिथेच उभे राहिले.

२० मे
पहिलं प्रकरण वाचलं. पान ९. रुंदी: भिंतींच्या तयार पृष्ठभागांमधलं मोकळं अंतर. दीड ओळ.
बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे त्यासाठी वीत असायची होय. इतक्या वर्षांनी त्यांनाही आज कळलं. मला म्हणाले, बरं झालं सांगितलंस. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

२२ मे
घाबरायचं कारण नाही. उपाय तीन.
एक, प्लास्टर खरवडून काढणे. राहण्याच्या खोलीला प्लास्टर बंधनकारक, पान ८८.
भिंत वीस सेंटीमीटर मागे सरकवता येईल, जागा आहेच. तिच्यावर स्लॅब आहे. काका म्हणाले, सरकवू, आधी तू स्लॅब धर.
सवलतीचा अर्ज राहिला. तो लगेच भरला. मुद्देसूद, सहा पानी.

२५ मे
सवलत एक सेंटीमीटरपर्यंतच मिळते. हेही पहिल्याच प्रकरणात होतं.

२७ मे
साहेबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, एक मार्ग आहे. सामानाची खोली म्हणून नोंदवा. तिला किमान रुंदी नाही, लगेच मंजुरी देतो. फक्त हमीपत्र लागेल: या खोलीत कोणीही राहणार अथवा झोपणार नाही.
बाबांचा चेहरा खुलला. म्हणाले, कर सही आणि घेऊन येऊ तिला. रोज कोण बघायला येतंय?
मी सही केली. सही करताना मजकूर दोनदा वाचला. मग बाबांना सांगितलं की आता आईला तिथे ठेवता येणार नाही, मी तसं लिहून दिलंय.
काका म्हणाले, अगं मिलिमीटरबाई, सगळं गाव लिहून देतं! मी म्हटलं, मी गाव नाही. चोवीस उल्लंघनांच्या घरात आईचा खुबा मोडला, आता पंचविसावं मी स्वतःच्या सहीने करू?
हे बोलायला नको होतं. चोवीस हा आकडा बाबांनी बरोबर पकडला. विचारलं, तेवीस होती ना?
मी सांगितलं, सातवी पायरी.
मग बाबा म्हणाले, आईला फोन तूच कर.

२९ मे
फोन केला. आधी खोलीच्या चांगल्या बाजू सांगितल्या: उजेड, हवा, प्लास्टर. आईने मध्येच विचारलं, किती कमी पडलं? मी म्हटलं, चार सेंटीमीटर. ती म्हणाली, प्लास्टर धरलं नाहीस?
तिने कधी थापी हातात घेतलेली नाही. नुसती तीस वर्षं गवंड्याच्या घरात जेवण वाढलं.
मला विचारायचंस की गं, म्हणाली. मग म्हणाली, राहू दे, मावशीचंही माझ्यावाचून अडतं आता. मागे मावशी काही बोलली नाही. नेहमी बोलते.

१ जून
मंजुरीचा कागद आला. पहिल्याच खेपेला, एकही शेरा नाही. फाइलला लावला. माझ्या नावावर मंजूर झालेलं हे पहिलं बांधकाम.
काकांनी आईची खाट आधीच खाली आणून ठेवली होती. ती भिंतीला उभी केली. आडवी राहिली तर झोपण्याची खोली होते. बाजूला रंगाचे डबे, शिडी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठेवल्या. हमीपत्राला धरून सगळं.
दुपारी बाबा कुठे दिसेनात. शोधत मागे गेले तर खोलीत, गोणीवर डोकं ठेवून जमिनीवर पडलेले. डोळे मिटलेले. विचारणं भाग होतं. विचारलं, बाबा, झोपलात का?
डोळे न उघडता म्हणाले, नाही गं. सामान आहे मी.