गेटजवळचं पार्सल

लीड्स,
९ जानेवारी २०१०

चि. अरुणास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा तिळगूळ पोचला. संक्रांत गुरुवारी, पण तुझी घाई नेहमीची. सतीशरावांचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरा म्हणावं. लहानपणापासून पोलिओचा पाय ओढत साठी ओलांडलेली बाई सांगतेय, म्हणजे ऐकायला हरकत नाही.

इथे नाताळच्या आधीपासून बर्फ आहे. फोटोत दिसतं तसं भुसभुशीत दोन दिवस असतं. मग ते दिवसा जरा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि फुटपाथ नुसता काचेचा होतो. कौन्सिलवाले मोठ्या रस्त्यावर मीठ टाकतात, आमच्या गल्लीपर्यंत ते पुरत नाही. अशात कुबडी पुढे जाते आणि मी मागे राहते. फोनवर मी 'जरा फिरून आले' म्हणाले ना, ते स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत.

मंगळवारी एक मूर्खपणा केला. दारासमोरची वाट मोकळी करावी म्हणून किटलीभर उकळतं पाणी दारातूनच फेकलं, आई सकाळी सडा घालायची तसं. बर्फ छान वितळला. मी खूश. चहा पिऊन होईतो त्या पाण्याचाच गुळगुळीत बर्फ झाला, आधीपेक्षा वाईट. तीसेक वर्षं या देशात काढून ही अक्कल!

थोड्या वेळानं पोस्टमन आला आणि गेटाशीच थांबला. "वाट जीवघेणी झालीय, लव्ह! पार्सल आत आणून द्यायला कोणी आहे का?" असं काहीसं इंग्रजीत ओरडला. मी खिडकीतून हसून अंगठा दाखवला. त्यानं पार्सल कचऱ्याच्या डब्यावर ठेवलं आणि गेला.

ते अजून तिथेच आहे. पोचला म्हटलं ते खोटं नाही, गेटपर्यंत पोचलाय. तू बांधलेली निळी सुतळी इथून दिसते. रोज बघते.

काल शेजारचा ग्रॅहम फावड्यानं आपली गाडी मोकळी करत होता. "यू ऑल राइट, सुलू?" म्हणाला. "फाइन, फाइन!" मी म्हटलं. तेवढं पार्सल दे रे, एवढंच बोलायचं होतं. जीभच वळली नाही.

तुला आठवत असेल, बाबा मला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचे आणि तू दोघींची दप्तरं घेऊन मागून यायचीस. वर्गातल्या मुली बघत राहायच्या. इथे आल्यावर ब्रेकसुद्धा हातानंच लावायची मोटारगाडी घेतली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, कुणाला 'जरा हात दे' म्हटलं नाही. फार मिरवलं मी ते. आता खिडकीशी बसून राहिलेय.

तू दर फोनला म्हणतेस, पुरे झालं, कायमची नागपूरला ये. मी चिडते. मला पुन्हा कुणाच्या पाठीवर बसायचं नाही गं. हे घर माझं आहे, बर्फ गेला की मी पुन्हा गाडी काढीन. पण अरुणा, फार एकटं वाटतं. चार वाजता अंधार पडतो. परवा रेडिओवरच्या बाईनं थंडी फार आहे म्हटलं, तर मी मोठ्यानं 'हो ना' म्हणाले. दिवसभरात बोलले ते तेवढंच.

उद्या काचेवर टकटक करून ग्रॅहमला बोलावणार आहे. पार्सल आत आणून दे आणि हे पत्र पेटीत टाक, असं सांगणार आहे. पत्र तुझ्या हातात असेल, तर मी मागायला शिकले असं समज.

आणि एकदा मागायचंच ठरवलंय, तर तुझ्याकडेही मागते. मला न्यायला नको येऊस, माझी सोय लावायलाही नको. नुसती ये. महिनाभर राहा, भांड माझ्याशी.

ये गं.

तुझी,
सुलूताई