ओवाळणीतली पेटी

२५ ऑक्टोबर

भाऊबीज करून सुनंदा परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच भिंतीवरून हाक. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. वाटीभर साखरेपासून भांडणापर्यंत सगळी देवाणघेवाण तिच्यावरूनच. आज तिनं भिंतीवर लाल मखमली पेटी ठेवली. आत खाचांमध्ये बसवलेली सात नाणी. झाकणाच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत ‘ऐतिहासिक नाणी संच’ आणि खाली ‘शंभर टक्के अस्सल’. सही कुणाची, पत्ता कुठला, काही नाही.

तिच्या भावानं, येरमाळ्याजवळच्या दत्तानं, ओवाळणीच्या ताटात घातली. “आप्पांची नाणी हैत. तुझ्यासाठी पेटीत बसवून घेतली. लाखाच्या घरात जातील.” आणि ताट खाली ठेवायच्या आत पुढचं वाक्य: आप्पांच्या शेतावरचा हक्क सोडल्याची तेवढी सही करून टाक, सहा तारखेला कळंबला, रजिस्ट्रीत.

आप्पा, सुनंदाचे वडील, गेले मागच्या वर्षी. ही दोघंच भावंडं. म्हणजे निम्म्या शेताच्या बदल्यात एक पेटी.

सु. म्हणाली, “आपा, तुमाला नाण्यातलं कळतं, बघा तरी. पण कुणाला बोलू नका. ओवाळणीचं मोल करत न्हायत.”

बघते म्हटलं. अजून भिंग हातात घेतलं नाही आणि डोकं तापलंय.

२६ ऑक्टोबर

पाच निजामाचे, चारमिनारच्या चित्राचे रुपये, दोन लहान नाणी. सगळी काळीशार.

चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर असतं. सातव्या निजामाच्या रुपयावर ऐन, त्याच्या बापाच्या रुपयावर मीम. अब्बांनी मला अलिफ-बे पाटीवर कमी आणि रुपयांवर जास्त शिकवलं. पेटीत माहितीचा कागद आहे, त्यावर छापलंय सहावा निजाम, आणि दारात ऐन. लेकाच्या फोटोखाली बापाचं नाव!

तरी म्हटलं, कागद छापणारा गाढव असेल, नाण्याला उगाच दोष नको.

हे म्हणाले, “देख लेव, पन मूँ मत खोलो. भाई-भैन का मामला हय.” पोस्टात जन्म गेला माझा, लोकांची पत्रं न वाचता पोचवण्यात. आता तरी तोंड उघडू द्या. (यांना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून तर ही वही मराठीत.)

२८ ऑक्टोबर

सराफाकडून काटा मागून आणला. रुपये पाचही हलके, आणि प्रत्येक वेगळा हलका. टांकसाळीत असा गलथानपणा चालत नसतो. कडेच्या कंगोऱ्यांतून एक बारीक रेघ फिरलीय, साच्याचे दोन भाग जुळल्याची. फरशीवर वाजवून पाहिलं. आवाज बदबद.

आणि भिंगाखाली: तीन रुपयांवर, डाव्या मिनाराशेजारी, एकच ओरखडा. त्याच जागी, तेवढाच, तसाच वाकडा. तीन घरच्या तीन पोरांच्या गालावर एकच व्रण कसा असेल? एका नाण्याचा साचा काढला आणि त्यात ओतत सुटले.

काळा रंग वरून दिलेला. काळं ते जुनं, ही लोकांची समजूत. तिच्यावरच असल्या पेटीवाल्यांची दुकानं चालतात. पेटी मात्र खरोखर सुबक. सगळी अक्कल मखमलीत घातलीय मेल्यांनी.

३० ऑक्टोबर

सु.ला सांगितलं. तिनं एक नाणं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, “आपा, आप्पांची नाणी काळी नव्हतीच.”

लहानपणापासून दर लक्ष्मीपूजनाला ती नाणी घासायचं काम हिचं. चिंच आणि राख. लखलखीत करून पूजेच्या ताटात ठेवायची. मला ऐकूनच कसंतरी झालं. चिंचेनं घासणं म्हणजे नाण्याची साल काढणं. जाणकार माणूस अशा नाण्याची निम्मीही किंमत करणार नाही. पण आज त्या चिंचेवर जीव ओवाळून टाकावासा वाटला. घासून गुळगुळीत झालेलं नाणं एका वर्षात काळं कसं होईल?

शिवाय एका रुपयाला काठाशी भोक होतं. तिच्या आजीच्या गळ्यातल्या माळेतला तो. पेटीत एकालाही भोक नाही.

मला वाटतं पेटीवाल्यानं दत्ताला गंडवलं. आप्पांची घेतली आणि ही भरून दिली. बिचारा.

१ नोव्हेंबर

‘बिचारा’ मागे घेतला.

सु.नं माझ्यासमोरच वहिनीला फोन लावला. स्पीकर चालू करून भिंतीवर ठेवला.

“वैनी, औंदा लक्ष्मीपूजनाला नाणी धुतली का?”

“धुतली की वन्सं. चिंच लावून, तुमी घासायच्या तशीच. भोकाचं मधी ठिवलं. का वो?”

“काय न्हाय. सहज.”

त्या बाईला काहीच माहीत नाही. माहीत असतं तर इतकं भडाभडा बोलली नसती. म्हणजे लक्ष्मीपूजनाला नाणी घरच्या देवघरात, आणि भाऊबीजेला बहिणीच्या ताटात विकत आणलेला कचरा. तिनं ओवाळलं, औक्ष मागितलं, आणि यानं हात जोडून खोटं नाणं टाकलं. हरामखोर. लिहिलंय, खोडणार नाही.

मी म्हटलं, सही करायची नाही. संपलं.

सु. म्हणते, “माहेर तुटंल, आपा. दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ?”

तिच्यावरही ओरडले. “कसलं माहेर? तुझ्या हातात ओतीव पत्रा देणारं?” रडायला लागली. मग मला माझीच लाज वाटली. आमच्यात बहिणीचा हिस्सा निदान ठरवून तरी दिलाय, पण हातात किती जणींच्या पडतो ते मी उमरग्याला माझ्याच माहेरात पाहिलंय. सगळीकडं तेच. भाऊ गोड बोलतो आणि बहीण डोळे पुसत सही करते. संताप येतो नुसता.

३ नोव्हेंबर

दत्ता आला. माझ्याकडं! खव्याच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. बायकोकडून फोनचं कळलं असणार.

“आपा, लई नाव ऐकलंय तुमचं. सुनंदाला एवढंच सांगा, नाणी खरी हैत. तिचं मन शांत हुईल.”

“भोकाचा रुपया कुठंय?”

“कोणता?”

“आजीच्या माळेतला.”

पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसला. मग खालच्या आवाजात, “आपा, वावर एकदा वाटलं की घरात काय ऱ्हात न्हाय. मला दोन पोरं हैत.”

“आणि तिला?”

“तिला सासरचं हाय की.”

सासरचं! दोन खोल्या आणि नवऱ्याची पेन्शन.

मी विचारलं, “ओवाळणीत खोटं घालतात का रे?” त्यावर उठला आणि म्हणाला, “भावाच्या ओवाळणीचं मोल करणाऱ्या तुमी कोण?”

लागलं. उत्तर सुचलं तो कोपऱ्यावरून वळल्यावर: मोल तू केलंस, बाबा, निम्म्या शेताएवढं. आता काय उपयोग. पेढे तोंडावर फेकायचे होते, तर यांनी दोन खाल्लेले.

५ नोव्हेंबर

दुपारी सु.ची हाक. गेले तर ती मागच्या मोरीवर बसलेली, पदर खोचून, पुढ्यात चिंचेचा कोळ आणि सातही नाणी. पेटी बाजूला, उघडी, रिकामी.

“तुमच्या भिंगावर इश्वास हाय, आपा. पण माझ्या हाताला बी बघू दे.”

घासत होती. आधी काळं पाणी सुटलं. मग चांदीसारखा पातळ मुलामा, तोही गेला. खालून लाल तांबं. एकेक नाणं धुऊन ओळीनं मांडलं. सात तांबडे डाग. माझा काटा, भिंग, ऐन आणि मीम सगळं एका चिंचेच्या बुटुकापुढं फिकं पडलं. रडली नाही. मीच नाक पुसत होते.

ओलीच नाणी स्टीलच्या डब्यात भरली. म्हटलं, कुठं?

“येरमाळ्याची गाडी हाय आत्ता. देवघरात ठिवते, आप्पांच्या नाण्याशेजारी. वैनीला बघू दे, पोरांना बघू दे.”

“आणि उद्याची सही?”

“उद्या तिथनंच कळंबला जाणार सगळी.”

“अगं पण करणार का?”

साडी बदलली, केस सारखे केले. डबा पिशवीत घातला. मग भिंतीपाशी येऊन म्हणाली, “आपा, तुमचं पेन द्या. चांगलं, शाईचं.”

दिलं. सही करायला की नकार लिहायला, हे विचारायला तोंड उघडलं, पण तोवर रिक्षा आली होती.

पेटी माझ्याकडं राहिलीय. फोन दोनदा लावला, उचलत नाही. हे यांच्या बॉलपेननं लिहितेय, धड उमटतही नाही.