पाटीवरचं शेवटचं नाव

जयनगर, बंगळूर

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर आईला माझ्या आवाजावरून सगळं लगेच कळतं, म्हणून पत्र लिहिते.

नव्या नोकरीत, तिथून आलेल्या जुन्या कागदांवरून, हॉलंडमधल्या कालव्याकाठच्या एका घराचा इतिहास लिहिला. तिथे आता हॉटेल आहे. दारावर तीनशे वर्षांतल्या रहिवाशांची नावं लावायची होती. व्यापारी, डॉक्टर, एक विधवा. आणि माळ्यावर एक्केचाळीस वर्षं राहिलेली मोलकरीण, लेना. तिचं आडनाव कागदांत कुठेच नाही.

साहेब म्हणाले, "आडनाव नाही तर काढून टाका, उल्का. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं." मी काढलं. काल फलक लागल्याचा फोटो आला.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला शिकवलंत. कामाला येणाऱ्या चंद्राबाईंचं नाव मी गाळलं, तेव्हा पाटी पुसून पुन्हा लिहायला लावली होतीत.

आज मी लेनाचं नाव गाळल्याची माझी चूक साहेबांना न विचारता हॉटेलला लेखी कळवली. नोकरी राहील असं वाटत नाही. एवढं आईला वाचून दाखवू नका.

तिचा गुडघा कसा आहे? चंद्राबाईंना नमस्कार सांगा, आणि त्यांचं आडनाव विचारून कळवा. मी कधी विचारलंच नाही.

तुमची,
उल्का