एक पाटा जास्त

बाबा, आज तुमच्या नातीची पिकअप दारात आली. पूर्ण्याच्या गोदामातून माल वाहायचा आणि दिघाशीच्या पुढे पाड्यावर सिमेंट, पत्रेही चढवायचे, अशी दोन्ही कामं करणारी एकच गाडी तिला हवी होती. पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं. हौदा लांब घेतला तर वळणावर अडते, टायर मोठे घेतले तर डिझेल पिते. शेवटी चारही चाकं ओढणारी, पोटाखाली चांगली वीतभर मोकळी असलेली घेतली. ब्रेक मात्र तीन-तीनदा तपासले. विकणारा वैतागला तेव्हा त्याला म्हणाली, "आमचे आजोबा ब्रेक फेल होऊन गेले." मी खाली बघत उभा राहिलो.

तुम्ही गोदामाचा माल तुमच्या गाडीतून वाहायचात. मी तेव्हा तिथे नवा सुपरवायझर होतो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये पोलादाचा एक पाटा वाढवा, सगळेच वाढवतात, खेपेला जास्त माल बसेल, म्हणून तुमच्या मागे लागलो. तुम्ही ओटीवर चहा पिताय. बशी खाली ठेवता आणि म्हणता, "भरल्या गाडीला पाटा बरा हाय. रिकामी झाली का उतारावर मागशी उडते, जमीन धरीत न्हाय." मी हसलो, तुम्हाला भित्रे म्हणालो. दुसऱ्याच दिवशी तुम्ही पाटा टाकून आलात, मला दाखवायला. आठ दिवसांनी पाड्यावर सिमेंट उतरवून रिकामे परत निघालात आणि नाल्याच्या उतारावर, वळणात गाडी उलटली. ब्रेक शाबूत होते, मी स्वतः पाहिले. घरी येऊन आईला मात्र ब्रेक फेल झाला म्हणून सांगितलं, आणि पुढे सगळे तेच सांगू लागले.

दुपारी जेवताना पोरगी सहज म्हणाली, "पप्पा, मागे एक पाटा वाढवून घेते. सगळेच टाकतात." नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि मला तिची भीती वाटते बाबा, तुमची कधी वाटली नाही तेवढी. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. हे कुठे पाठवायचं नाही, तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे.

उद्या पहिली खेप पाड्यावर आहे. येताना गाडी रिकामी असेल. आत्ता बाहेर ती गाडी सुरू करतेय, गॅरेजला निघालीय. तिनं विचारलं तेव्हा मी "टाक" म्हणालो.