लिंबाखालच्या बाबाचे डोळे

रविवार, संध्याकाळ. रेणापूरहून परत.

राग अजून उतरलेला नाही. भावाच्या शेतात लिंबाखाली जी दगडी मूर्ती आहे, तिला गाव बाबा म्हणतं. मी कॉलेजात प्राचीन भारत शिकवते, मला माहीत आहे की तो तीर्थंकर आहे. ध्यानाला बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. आज बघते तर त्या पापण्यांवर चांदीचे टपोरे डोळे, पांढऱ्या सिमेंटनं चिकटवलेले.

कुणी केलं हे? आमच्याच वहिनींनी. नातीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून नवस फेडला.

"वहिनी, अहो, त्याचं सगळं तत्त्वज्ञान त्या मिटल्या डोळ्यांत आहे," मी म्हणाले.

वहिनी बाबाला तेल घालतच राहिल्या. "आसंल वन्सं. पर लेकराला दिसंना झालतं, तवा मिटल्या डोळ्याच्या देवाला काय सांगावं? त्यानं बघाया नको व्हय?"

बघाया नको व्हय. बाहेर नको, आत बघा, हेच तर तो सांगत होता. दरवर्षी वर्गात हे घडाघडा सांगते. तिथं का नाही जमलं?

वहिनी घरी गेल्यावर ते डोळे उकरून काढायचे म्हणून पुढं झाले. हात लावला, मान वर केली, तर ते थेट माझ्याकडं बघत होते. इतकी वर्षं फोटो काढले, मापं घेतली, पण त्याच्यासमोर चप्पल कधी काढली नव्हती.

आज काढली. त्याचाच जास्त राग येतोय.