शिट्टीवाला की मौनी

४ फेब्रुवारी

संग्रहालयातून फोन! जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं दालन उघडतंय. त्यात फ्लॉपी ड्राइव्हचं एक मोठं कपाट — आणि कुठला ड्राइव्ह कुठला, हे सांगायला मला बोलावलंय. मला! प्रत्येकाखाली कार्ड लागणार आणि कार्डाच्या तळाशी 'ओळख पटवली' म्हणून माझं नाव.

यांना सांगितलं, तर स्वयंपाकघरातून ओरडले, "छान! चहा झालाय!" ही काय छान म्हणायची रीत झाली? निवृत्त झाल्यापासून यांचा आवाज जो चढलाय तो उतरायचं नाव नाही. वय झालं की माणसं निवळतात म्हणे. आमच्याकडे उलटी गंगा.

७ फेब्रुवारी

जाऊन आले. तिथल्या बाई तरुण, चुणचुणीत, पण ड्राइव्हच्या बाबतीत पाटी कोरी. त्यांना म्हटलं, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्राइव्ह त्या काळी कुणाला परवडायचा? म्हणून गल्लीबोळातल्या कारखान्यांनी स्वस्तातले काढले. मोटर एकाची, सर्किट दुसऱ्याचं, डबा तिसऱ्याचा आणि नाव कुणाचंच नाही. अशा अनाथ डब्याचं कुळ शोधायचं, हा माझा उद्योग.

"पण ओळखता कसं?"

"कानाने."

बाईंना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनाच एकेक सुरू करायला सांगितला. ड्राइव्ह चालू झाला की फ्लॉपी वाचणारं आतलं डोकं आधी पहिल्या रेघेवर जाऊन आपटतं, त्याची खडखड प्रत्येकाची वेगळी. एक खोकतो, एक दार ठोठावतो, एक दात खातो. कपाटाकडे पाठ करून उभी राहिले आणि कपाटातले सगळे ओळखले. सगळे! बाईंनी तोंडात बोटं घातली.

उगाच नाही आमचं संग्राहक मंडळ मला कानसेन म्हणत. आयुष्य गेलं टेलिफोन एक्सचेंजमध्ये, हेडफोन कानाला. लाइनच्या घरघरीवरून बिघाड कुठे आहे ते सांगायचे. यांची ओळखसुद्धा लाइनवरचीच — मी यांचे ट्रंक कॉल लावून द्यायचे, आणि यांच्या त्या मऊ आवाजावर भाळले. कुठे गेला तो आवाज, देव जाणे.

८ फेब्रुवारी

कालचं आठवून दिवसभर हसू येतंय. हे दोनदा ओरडले, "काय झालं?" सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज एक राखाडी डबा आला. कुणाच्या तरी माळ्यावरून. बिननावाचा. बघताक्षणी दोनच शक्यता उरल्या. एक 'मौनी' — ढिगाने सापडतो. दुसरा 'शिट्टीवाला' — बाहेरून हुबेहूब तसाच, पण फिरायला लागला की बारीक, उंच शिट्टी वाजते. असे फार थोडे बनले, चालू असलेले तर बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही डिंकाने पक्के बंद केलेले, म्हणजे उघडला की मोडला.

बाई म्हणाल्या, मौनी असेल तर कापू या, लोकांना आतलं दाखवता येईल. म्हणजे सगळं माझ्या शब्दावर! लावला. ऐकला. खडखड, आणि पुढे चिडीचूप. मौनी. शिट्टी मी पूर्वी ऐकलीय, विसरणं शक्य नाही.

तर बघायला जमलेल्या मंडळातले दातांचे डॉक्टर आडवे आले. "मला शिट्टी ऐकू येतेय हो." म्हटलं, डॉक्टर, दिवसभर लोकांचे दात कोरता, तुम्हाला झोपेतसुद्धा शिट्टी ऐकू येत असेल! सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण हेका सोडेनात. शेवटी बाई म्हणाल्या, कानसेनताई, घरी नेऊन शांतपणे ऐका, मग कापू.

आता काय ऐकायचंय! पण आणला.

१३ फेब्रुवारी

टेबलावर माझ्या कॉम्प्युटरला जोडला. खिडक्या बंद, पंखा बंद. फिरतोय, दिवा लागलाय, आवाज नाही. कार्ड लिहायला पेन उचललं —

"अगं, बंद कर ती शिट्टी! कान किटले!"

हे. स्वयंपाकघरातून. फ्लॉपीवर चहाचा कप ठेवणारा माणूस!

"कुठली शिट्टी?"

"ही काय! डब्यातून येतेय!"

बंद केला. "आता?" "थांबली." चालू केला. "आली." यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि लपवून कितीदा तरी चालू-बंद केला. एकदाही चुकले नाहीत.

पेन खाली ठेवलं.

१४ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

'मौनी' म्हणून मोकळी झाले तर कुणाला कळणार आहे? डॉक्टरांचं तर मीच हसं केलंय. पण डबा कापला जाईल. तो करवतीखाली गेलेला मला बघवणार नाही, आणि माझ्या शब्दामुळे तर मुळीच नाही.

पण नुसतं "हे म्हणतात शिट्टी आहे" असं कसं सांगू? पुरावा हवा. माझ्याकडचा मौनी काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही डब्यांवर हात ठेवून बसले. सुरू, बंद, सुरू, बंद. अर्धी दुपार. आणि सापडलं! मौनी बंद केला की हाताखाली जागीच थांबतो. हा थांबत नाही, रेंगाळतो, हळूहळू विझतो. मौनीला मोटर थेट फिरवते; याला आत पट्टा आहे, आणि शिट्टी वाजते ती पट्ट्याचीच! म्हणजे शिट्टीवालाच!

मंडळात हे कुणालाही ठाऊक नाही. कुणालाही!

१७ फेब्रुवारी

सगळ्यांदेखत म्हटलं, "माझं चुकलं. शिट्टीवाला आहे." मग एकेकाचा हात धरून डब्यावर ठेवला. डॉक्टर डोळे मिटून कितीतरी वेळ हात ठेवून राहिले. म्हणाले, "आता नुसत्या हातानेही ओळखता येईल. कमाल केलीत." जिंकले म्हणून मिरवले नाहीत. जाताना मात्र बाजूला घेऊन विचारलं, "कान दाखवलेत का कुणाला?"

कार्डावर माझं नि डॉक्टरांचं, दोघांची नावं लागणार. माझं आधी. वयाचा मान म्हणून — मीच सुचवलं.

२१ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे. उंच आवाज पार गेलेत, बाकीचेही बरेच उतरलेत. वर्षानुवर्षं हेडफोन, दुसरं काय. ज्या कानांनी पोसलं त्यांचीच भाकरी करून खाल्ली मी!

"घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"छे," मी म्हटलं. हे शेजारीच बसले होते. छताकडे बघत.

४ मार्च

कानात मशीन बसलं. आधी संग्रहालय गाठलं. कपाट, दिवा, कार्ड, माझं नाव. बाईंनी शिट्टीवाला लावला.

ऐकली! काय भिकार आवाज आहे! डोळ्यांत पाणी आलं.

५ मार्च

सकाळी हे ओरडले, "चहा झालाय!"

दचकलेच. म्हटलं, अहो, हळू बोला. आता ऐकू येतं मला.

हे कप घेऊन जवळ आले. मग हळू बोलले. ट्रंक कॉलवरचा तोच आवाज! जरा घोगरा झालाय — इतकी वर्षं माझ्यासाठी ओरडून.